विमान खड्ड्यात पडत नाही: टर्ब्युलन्स म्हणजे नक्की काय असतं

२१ मे २०२४ ला सिंगापूर एअरलाइन्सचं एसक्यू ३२१ हे लंडनहून सिंगापूरला चाललेलं विमान म्यानमारवर असताना भयानक हादरलं, एका प्रवाशाचा जीव गेला, कितीतरी जण जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. बातम्यांमध्ये तेव्हा एक वाक्य सगळीकडे फिरत होतं, विमान काही मिनिटांत सहा हजार फूट कोसळलं. आपल्याकडे अशी बातमी आली की पाठोपाठ "एअर पॉकेट"ही येतंच, म्हणजे हवेत कुठेतरी रिकामा खड्डा आहे आणि विमान त्यात धाडकन पडतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

नंतर साधारण आठवडाभरात सिंगापूरच्या तपास यंत्रणेने विमानातल्या रेकॉर्डरवरची माहिती जाहीर केली आणि चित्र एकदम वेगळं निघालं. विमान झटक्यात खाली आलं ते १७८ फूट, म्हणजे जेमतेम ५४ मीटर, आणि तेही ४.६ सेकंदांत. बाकीचे सहा हजार फूट पायलट स्वतःहून खाली उतरले होते, हादऱ्यानंतर सुमारे १७ मिनिटांनी, नीट कंट्रोलमध्ये, ३७,००० वरून ३१,००० फुटांवर. पण मग १७८ फुटांत माणूस कसा काय जातो? तर घात उंचीने केला नाही, वेग ज्या झपाट्याने बदलला त्याने केला. त्या रेकॉर्डमध्ये असं दिसतं की ०.६ सेकंदात विमानावरचा जोर (तो गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, म्हणजे 'जी'मध्ये मोजतात) अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेला. आपण खुर्चीत शांत बसलेलो असतो तेव्हा तो अधिक १ असतो, शून्य झाला की आपण तरंगायला लागतो, आणि उणे झाला याचा अर्थ विमान आपल्यापेक्षा जास्त जोरात खाली ओढलं जातंय. बेल्ट नसलेला माणूस वर उडाल्यासारखा दिसतो पण खरं म्हणजे तो जवळपास तिथेच असतो आणि विमानाचं छत खाली येऊन त्याच्या डोक्यावर आपटतं. पुढच्या चार सेकंदांत तोच जोर पुन्हा अधिक १.५ झाला, म्हणजे छताला लागलेली माणसं आता खुर्च्यांवर, हँडलवर, पॅसेजमध्ये आदळली. सीटबेल्टची साइन लागल्यापासून पहिला जोराचा झटका बसेपर्यंत साधारण आठच सेकंद गेले होते.

म्हणून साइन बंद असली तरी बसल्या जागी बेल्ट सैलसर लावून ठेवा असं विमानातले लोक सांगतात ना, ते अगदी मनापासून ऐका. मोठं प्रवासी विमान टर्ब्युलन्सने मोडून पडणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे, पंख त्यापेक्षा खूप जास्त ताण सहन करतील असेच बनवलेले असतात. पण आतलं सैल माणूस, सैल बॅग, सैल ट्रॉली यांचं काय होतं ते वर बघितलंच. १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या विमानात उतरता उतरता असाच प्रकार झाला होता आणि तेव्हाही बरेच जण जखमी झाले.

आता तो "खड्डा". हवेत रिकामी जागा नसतेच. असतात ते वर जाणारे आणि खाली येणारे झोत, लहानमोठे भोवरे. विमान ताशी ९०० किलोमीटरने म्हणजे सेकंदाला २५० मीटरने जात असतं, वर जाणाऱ्या झोतातून ते एका क्षणात खाली जाणाऱ्या झोतात शिरलं की पंखाला वारा ज्या कोनातून लागतो तो कोन बदलतो, कोन बदलला की पंखाची उचल बदलते, आणि आपल्याला वाटतं की पडलो.

पण हे झोत नि भोवरे हवेत येतात कुठून, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विमानाच्या कितीतरी आधीचा आहे.

घरात पंखा बंद करून, खिडक्या लावून एक अगरबत्ती पेटवा आणि धुराकडे नीट बघत बसा. सुरुवातीला धूर दोरा सोडल्यासारखा सरळ वर जातो, मग एका उंचीवर तो किंचित डुलायला लागतो, आणि त्याच्या थोडं वर सगळं विस्कटतं, वळ्या पडतात, त्या वळ्यांत अजून बारीक वळ्या. खालचा सरळ भाग तो लॅमिनार प्रवाह, वरचा विस्कटलेला तो टर्ब्युलंट. दोन्हीकडे हवा तीच आणि धूरही तोच. गरम हवा वर जाता जाता वेग घेते, धुराची धार रुंद होत जाते, आणि एका मर्यादेनंतर तिला सरळ राहणं जमत नाही.

ही मर्यादा मोजायचं पहिलं मोठं काम इंग्लंडमधल्या मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी केलं, १८८३ मध्ये. काचेची लांब नळी, तिच्यातून पाणी, आणि पाण्याच्या मधोमध रंगाची बारीक धार. पाणी हळू सोडलं की रंगाची रेघ शेवटपर्यंत सरळ, वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर रेघ अचानक फुटते आणि सगळी नळी रंगीत होते. रेनॉल्ड्स यांच्या लक्षात आलं की नुसता वेग बघून चालत नाही, वेग गुणिले नळीचा व्यास गुणिले घनता, भागिले द्रवाचा चिकटपणा, असा एकच आकडा काढला की तोच सांगतो काय होणार. त्यालाच आज रेनॉल्ड्स नंबर म्हणतात. मध ओतताना तो एकापेक्षाही कमी असतो म्हणून मध इतका शहाण्यासारखा पडतो, आणि मोठ्या विमानाच्या पंखावर तो कोटींमध्ये जातो.

यात एक फार सुंदर गुंता आहे. रेनॉल्ड्स नंबर साधारण २००० च्या आसपास गेला की नळीतला प्रवाह बिघडतो असं सगळी पुस्तकं सांगतात, पण अगदी काळजी घेतली, नळी गुळगुळीत ठेवली, कुठे धक्का लागू दिला नाही, तर लोकांनी प्रवाह एक लाखाच्या आसपासपर्यंत सरळ ठेवून दाखवलाय. मग नक्की मर्यादा कुठली? याचं समाधानकारक उत्तर यायला २०११ साल उजाडलं, म्हणजे रेनॉल्ड्स यांच्या प्रयोगानंतर १२८ वर्षं. ब्यॉर्न हॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूप लांब नळ्यांमध्ये मुद्दाम धक्का देऊन टर्ब्युलन्सचा एकेक छोटा पुंजका तयार केला आणि त्याचं पुढे काय होतं ते मोजत बसले. पुंजका एकतर विरून जातो किंवा फुटून त्याचे दोन होतात. वेग कमी असेल तर दोन व्हायच्या आधी तो विरतो, जास्त असेल तर विरायच्या आधी दोन होतात आणि मग पसरतच जातात. हे दोन्ही जिथे बरोबरीत येतात तो आकडा निघाला साधारण २०४०. मला तरी टर्ब्युलन्सच्या सगळ्या इतिहासात हा निकाल सगळ्यात देखणा वाटतो, कारण टर्ब्युलन्स कधी "सुरू होतो" याऐवजी तो कधी "टिकतो" असा प्रश्न त्यांनी विचारला आणि गाठ सुटली.

आता एक गोष्ट जी प्रत्येक व्हिडिओत आणि प्रत्येक फॉरवर्डमध्ये असते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग म्हणे मरताना म्हणाले की देवाला दोन प्रश्न विचारीन, सापेक्षता का आणि टर्ब्युलन्स का, आणि पहिल्याचं उत्तर त्याच्याकडे नक्की असेल. किस्सा मस्त आहे पण ते खरंच असं म्हणाले याला पक्का पुरावा नाही, आणि जवळपास हाच किस्सा होरेस लॅम्ब या ब्रिटिश गणितज्ञाच्या नावावरही सांगतात. याच्यापेक्षा खरी गोष्ट जास्त रंजक आहे. क्वांटमवाले म्हणून जगाला माहीत असलेले हायझेनबर्ग यांची पीएचडी टर्ब्युलन्सवर होती, म्युनिकला, १९२३ मध्ये, सोमरफेल्ड यांच्याकडे. आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी जर्मन शास्त्रज्ञांना इंग्लंडमध्ये फार्म हॉल नावाच्या घरात नजरकैदेत ठेवलं, तेव्हा तिथे बसून हायझेनबर्ग आणि त्यांच्यासोबतचे भौतिकशास्त्रज्ञ फॉन वायत्सेकर पुन्हा टर्ब्युलन्सचंच गणित करत होते.

त्या किश्श्यामुळे एक गैरसमज मात्र पक्का झालाय की टर्ब्युलन्सबद्दल विज्ञानाला काहीच कळत नाही. तसं नाहीये. द्रव आणि वायू कसे हलतात याची समीकरणं आपल्याकडे १९व्या शतकापासून आहेत, फ्रान्सच्या नाविये यांनी १८२२ मध्ये मांडली, स्टोक्स यांनी १८४५ मध्ये नीट बसवली, आणि आत काय आहे म्हणाल तर न्यूटनचा बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण हाच नियम, फक्त वाहणाऱ्या पदार्थाला लावलेला. अडचण अशी की प्रवाह स्वतःलाच वाहून नेतो. वेग काय असेल ते वेगावरच अवलंबून, त्यामुळे छोटा फरक मोठा होतो, मोठा भोवरा छोट्याला जन्म देतो आणि कागदावर सुटसुटीत उत्तर निघत नाही. क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूट या गणिताच्या संस्थेने २००० साली या समीकरणांवर १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं ते "टर्ब्युलन्स समजावून सांगा" म्हणून नाहीये, प्रश्न असा आहे की तीन मितींमध्ये या समीकरणांचं उत्तर कायम शहाणं राहतं की कधीतरी कुठेतरी वेग अनंत होऊन गणितच फाटतं, ते सिद्ध करा. अजून कोणी केलेलं नाही.

पण एकेका भोवऱ्याचा माग सोडला आणि सगळ्यांचा मिळून हिशोब बघितला तर चित्र फार स्वच्छ दिसतं, आणि टर्ब्युलन्स म्हणजे नुसता गोंधळ असं समजणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं. १९२२ मध्ये लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हवामानाच्या गणितावरच्या आपल्या पुस्तकात चार ओळींची कविताच घातली, की मोठे भोवरे लहानांना पोसतात, लहान त्याहून लहानांना, आणि असं होत होत शेवटी चिकटपणा उरतो. पाचशेची नोट मोडावी तसं समजा. पाचशेच्या शंभर होतात, शंभराच्या दहा, दहाची नाणी, आणि खर्च फक्त नाण्यांचाच होतो. किलोमीटरभर मोठ्या भोवऱ्यातली ऊर्जा थेट उष्णता होऊ शकत नाही, ती मोडत मोडत हवेत साधारण मिलिमीटरपर्यंत यावी लागते, तिथे हवेचा चिकटपणा तिला गिळतो आणि हवा अगदी नगण्य गरम होते.

१९४१ मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, सोव्हिएत गणितज्ञ आंद्रे कोल्मोगोरोव्ह यांनी याला नियम दिला. ते म्हणाले, सगळ्यात मोठे भोवरे कशामुळे झाले (डोंगर, ढग, चमचा, काहीही) ते एकदा बाजूला ठेवलं आणि सगळ्यात बारीक भोवरे, जिथे ऊर्जा संपते, तेही सोडले, तर मधल्या सगळ्या पट्ट्यात एकच गोष्ट महत्त्वाची, ऊर्जा किती वेगाने खाली सरकतेय. त्यावरून निघतं की दोन ठिकाणांमधलं अंतर आठपट केलं तर तिथल्या वेगांमधला फरक सरासरी दुप्पट होतो. आठला दोन, मग चौसष्टला चार. कुठलाही द्रव घ्या, कुठलाही वायू. १९६२ मध्ये ग्रँट, स्टुअर्ट आणि मोइलिए यांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे भरती-ओहोटीचं पाणी चिंचोळ्या खाडीतून प्रचंड वेगाने धावतं, तिथे जहाजावरून सेन्सर पाण्यात सोडून केलेली मापं छापली, आणि कोल्मोगोरोव्ह यांचा नियम जवळपास तंतोतंत जुळला. नियमात पुढे बारीक दुरुस्त्या झाल्या, कारण जोराचे झटके अंदाजापेक्षा जास्त वेळा येतात हे दिसलं (एसक्यू ३२१ मधल्यांना हे सांगायला नकोच), पण मूळ सांगाडा आजही तोच आहे.

यातूनच हेही कळतं की विमानाला सगळे भोवरे का जाणवत नाहीत. दहा किलोमीटरचा भोवरा असेल तर विमान त्यावर सावकाश तरंगून जातं, मीटरभराचा असेल तर नुसती बारीक थरथर. त्रास देतात ते साधारण शंभर मीटर ते एखाद-दोन किलोमीटरचे, म्हणजे सेकंदाच्या काही भागात ते काही सेकंदांत पार होणारे.

कोल्मोगोरोव्ह यांचं नाव सामान्य लोकांपर्यंत पोचलं ते मात्र एका चित्रामुळे. व्हॅन गॉगने जून १८८९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना "स्टारी नाइट" रंगवलं, त्यातलं ते भोवऱ्यांनी भरलेलं आकाश बघितलं नाही असा माणूस विरळा. २००८ मध्ये मेक्सिकोच्या संशोधकांनी त्या चित्रातल्या उजेड-अंधाराच्या फरकांचं गणित छापलं आणि ते कोल्मोगोरोव्हच्या नियमाशी जुळतं म्हणाले, मग २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने त्यातले १४ भोवरे मोजून तसंच काहीसं सांगितलं, आणि लगेच सगळीकडे झालं की व्हॅन गॉगला टर्ब्युलन्सचं गणित कळलं होतं. यावर प्रवाहशास्त्राच्या जाणकारांनी घेतलेले आक्षेप मला पटतात. कोल्मोगोरोव्हचा नियम वेगाबद्दल आहे, चित्रात वेग नाहीये, रंगाचा उजळपणा आहे. नियम तीन मितींतल्या प्रवाहाचा, कॅनव्हास सपाट. आणि आकड्यांचं तसं नातं टर्ब्युलन्स नसलेल्या गोष्टींमध्येही सापडू शकतं. त्या माणसाने आकाश हलतंय असं आपल्याला दाखवलं, हे काय कमी आहे का, त्याला कोल्मोगोरोव्हचं सर्टिफिकेट कशाला हवं?

टर्ब्युलन्स म्हटलं की वाईटच, हीसुद्धा सिनेमांनी आणि बातम्यांनी डोक्यात भरवलेली गोष्ट. पॅरिसच्या टॉवरवाले गुस्ताव्ह आयफेल यांनी १९१२ च्या सुमारास गोळ्यांवर वारा सोडून हवेचा रोध मोजला, तो जर्मनीत ग्योटिंगेनला मोजलेल्यापेक्षा खूपच कमी आला. चूक कोणाची? लुडविग प्रांड्टल यांनी उत्तर शोधलं आणि दाखवूनही दिलं, गोळ्याभोवती एक बारीक तारेची कडी बसवली आणि रोध चक्क कमी झाला. कारण तारेमुळे गोळ्याला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर टर्ब्युलंट होतो, टर्ब्युलंट थरात बाहेरची वेगवान हवा आत मिसळत राहते, त्यामुळे तो थर पृष्ठभागाला जास्त लांबपर्यंत धरून राहतो, मागचा विस्कटलेल्या हवेचा पट्टा लहान होतो आणि रोध घटतो.

हेच क्रिकेटमध्ये रोज बघतो आपण. नवा बॉल सीम तिरकी धरून टाकला की एका बाजूचा हवेचा थर सीमवर अडखळून टर्ब्युलंट होतो आणि उशिरा सुटतो, दुसऱ्या गुळगुळीत बाजूचा लॅमिनारच राहतो आणि लवकर सुटतो, हवा एका बाजूला वळते आणि बॉल उलट बाजूला, म्हणजे सीम जिकडे तोंड करून असते तिकडे. तो स्विंग. आता वेग बराच वाढला आणि बॉल जुना होऊन खरखरीत झाला की थर सीमपर्यंत पोचायच्या आधीच दोन्ही बाजूंना टर्ब्युलंट झालेला असतो, मग सीम मदत करायच्या ऐवजी तिच्या बाजूचा थर जाड आणि थकलेला करून टाकते, तो लवकर सुटतो, आणि बॉल सीमच्या विरुद्ध दिशेला जातो. तो रिव्हर्स स्विंग. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान जुन्या बॉलने जे करायचा त्यामागे हेच होतं, एका बाजूला घाम लावून घासत बसायचं ते त्या पातळ थरासाठी.

आणि पाऊस. ढगातला थेंब मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो, तसे साधारण दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक बऱ्यापैकी थेंब होतो. नुसत्या वाफेवर तो एवढा वाढायला फार वेळ लागेल, म्हणून थेंबांनी एकमेकांवर आदळायला हवं, आणि ते आदळणं ढगातला टर्ब्युलन्स किती वाढवतो हा आजचा अगदी चालू संशोधनाचा विषय आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेने २००९ पासून कायपिक्स नावाच्या प्रयोगात ढगांमधून विमानं नेऊन मापं घेतली, २०१८ आणि २०१९ मध्ये त्यांचा तळ सोलापूरला होता, पर्जन्यछायेतल्या ढगांसाठी.

मग एवढं सगळं कळतं तर कॉम्प्युटरला लावून पुढचा हादरा आधीच का सांगत नाहीत? सांगतात, पण संभाव्यता. एकेक भोवरा मोजायचा म्हटलं तर रेनॉल्ड्स नंबर दहापट झाला की हिशोबाचे बिंदू जवळपास पावणेदोनशेपट होतात आणि एकूण काम हजारपट, अख्ख्या विमानाभोवतीची हवा मिलिमीटरपर्यंत सोडवणं आजच्या सुपरकॉम्प्युटरच्याही आवाक्याबाहेर आहे. त्यात स्वच्छ हवेतला टर्ब्युलन्स हा वेगळाच ताप, ढग नाही, थेंब नाहीत, त्यामुळे विमानाच्या रडारला दिसायला काहीच नाही, उंचावरच्या जेट स्ट्रीममध्ये, म्हणजे फार वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात, हवेचे थर एकमेकांवर वेगवेगळ्या वेगाने घसरतात आणि मध्येच फाटतात. रेडिंग विद्यापीठाच्या अभ्यासात उत्तर अटलांटिकवरच्या एका ठरावीक जागी असा तीव्र टर्ब्युलन्स १९७९ मध्ये वर्षाला १७.७ तास होता, २०२० मध्ये २७.४ तास, म्हणजे ५५ टक्के वाढ, आणि हवामानबदलामुळे जेट स्ट्रीममधला हा वेगाचा फरक वाढतोय हे त्याचं कारण त्यांनी दिलंय.

म्हणून आता कंपन्या विमानांनाच सेन्सर करतात. पूर्वी पायलट रेडिओवर "मॉडरेट आहे", "सिव्हिअर आहे" असं सांगायचे, पण छोट्या विमानाला जे सिव्हिअर वाटतं ते मोठ्याला मॉडरेट वाटतं, त्यामुळे मागच्याला त्याचा नीट उपयोग व्हायचा नाही. आता विमान स्वतःच्या हादऱ्यांवरून ईडीआर नावाचा एक आकडा काढतं, तो विमानाचा नसतो, हवेचा असतो, ०.४५ च्या वर गेला की सिव्हिअर. आणि हा आकडा म्हणजे काय तर भोवऱ्यांमधली ऊर्जा किती वेगाने मोडत खाली चाललीय तिचं घनमूळ, कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये महत्त्वाची म्हणून उचललेली तीच एक गोष्ट. हे आकडे एअरलाइन्स आता एकमेकींना देतात, आणि त्याच वाटेवर मागून येणाऱ्या विमानातला पायलट ते बघून बेल्टची साइन आठ सेकंदांच्या ऐवजी काही मिनिटं आधी लावू शकतो.